कोरड्या तलावात उठवलेले तरंग

पानिपतला जाऊन आलेला मराठी माणूस सहसा रिकाम्या हातांनी परतत नाही. गाव मागांचे, त्यामुळे एखादी चादर नाही तर सतरंजी पिशवीत येतेच. दुसरी कमाई असते ती फोटोंची. दिल्लीपासून उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवरच्या या गावाशी आपले नाते असे आहे, की तिथली साधी वीटही कॅमेऱ्यात घ्यावीशी वाटते. १४ जानेवारी १७६१ ही तारीख आपल्या बोलण्यातच मुरली आहे. कुणाचा बेत साफ फसला, की आपण ‘त्याचे पानिपत झाले’ म्हणून मोकळे होतो. तीच जागा समोर आली, की घरातला शाळकरी मुलगासुद्धा क्षणभर गप्प होतो.

पण घरी येऊन फोटो पाहायला बसले, की थोडी निराशा होते. गावाबाहेरच्या काळ्या आंबाच्या जागी आंबा नाहीच. तिथे कुंपणाच्या आत विटांचा एक स्तंभ उभा आहे. गावातल्या देवी मंदिराचे तसेच. हे मंदिर एका मोठ्या तलावाच्या काठी बांधलेले. सदाशिवरावभाऊंचा तळ पानिपतला पडला होता, तेव्हा तलावाच्या काठी त्यांना देवीची मूर्ती सापडली आणि त्यांनी मंदिर उभारायचे ठरवले, असे तिथे सांगतात. गोष्ट ऐकून आपण पाणी शोधू लागतो, तर पाणी नाही. तलाव कधीच आटला. त्याच्या कोरड्या पात्रात आता बाग आहे. मुले खेळतात, वडीलधारी मंडळी येऊन बसतात.

अशा वेळी घरातला एखादा संगणकवाला पुतण्या पुढे सरसावतो. ‘‘काका, त्यात काय एवढं? दहा मिनिटांत तलाव भरून देतो!’’ आणि खरोखरच देतो. मंदिराचे उलटे प्रतिबिंब खाली थरथरू लागते, वर शिखर, खाली शिखर, मध्ये बारीक लाटा. घरातले सगळे खूश होतात. ‘कॅलेंडरवर छापावा असा फोटो!’ असे कुणीतरी म्हणते.

ही करामत होते कशी, ती चांगली कशी करावी आणि ती करताना कोणते भान ठेवावे, या तिन्ही गोष्टी आजच्या लेखात पाहू. तिसरी गोष्ट शेवटी आली असली, तरी महत्त्वाची तीच आहे.

पाणी आणायची कृती

फोटोवर काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सर्वांत गाजलेला ‘फोटोशॉप’. थॉमस आणि जॉन नॉल या दोन भावांनी तो तयार केला आणि १९९० साली तो बाजारात आला. गंमत म्हणजे यातले जॉन नॉल सिनेमातल्या दृश्यकरामतींच्या धंद्यातले. १९८९च्या ‘द अबिस’ या इंग्रजी चित्रपटात पाण्याचाच एक जिवंत खांब माणसासमोर येऊन त्याच्या चेहऱ्याची नक्कल करतो. संगणकावर घडवलेल्या त्या दृश्याच्या कामात जॉन नॉल होते. तेव्हा संगणकातल्या पाण्याशी या घराण्याची ओळख जुनीच आहे.

फोटोशॉप विकत घ्यावा लागतो. घरच्या हौसेसाठी ‘गिम्प’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पुरेसा आहे. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी तो सुरू केला आणि १९९६ पासून तो सर्वांना खुला आहे. कृती दोन्हीकडे साधारण सारखीच.

आधी मूळ फोटोची एक प्रत काढा आणि काम त्या प्रतीवरच करा. मूळ फोटोला हात लावायचा नाही. मग प्रतीतला खालचा भाग कापा, म्हणजे जिथे भिंत किंवा पायरी संपते आणि पाणी सुरू व्हायला हवे, तिथपर्यंत. आता ‘कॅनव्हास’ची उंची दुप्पट करा, म्हणजे खाली पाण्यासाठी जागा होईल. फोटोच्या थराची, ज्याला तिथे ‘लेयर’ म्हणतात, आणखी एक प्रत करा. ती उभ्या दिशेने उलटी करा आणि खाली सरकवून वरच्या चित्राला बरोबर भिडवा. एवढ्यानेच आरशासारखे स्वच्छ प्रतिबिंब तयार होते.

मग येतात तरंग. ‘फिल्टर’च्या यादीत ‘डिस्टॉर्ट’ नावाचा गट असतो. त्यात ‘रिपल’ सापडेल. फोटोशॉपमध्ये त्याचे दोन खटके आहेत: लाटेचा जोर किती आणि लाट लहान, मध्यम की मोठी. गिम्पमध्ये लाटेची उंची, दोन लाटांमधले अंतर आणि कोन ठरवता येतो. कोन असा ठेवा, की मंदिराच्या उभ्या कडा नागमोडी दिसतील. खडा टाकल्यावर उठतात तशी गोल वलये हवी असतील, तर फोटोशॉपमधल्या ‘झिगझॅग’मध्ये तळ्याच्या वलयांचा खास पर्याय आहे. गिम्पमध्ये तेच काम ‘वेव्हज’ करतो.

आणि मोबाइल? त्यावर असली कामे एका बोटात होतात. २०२३ पासून तर फोटोशॉपमध्येही ‘इथे तलाव हवा’ असे लिहून दिले, की यंत्र आपल्या मनाने पाणी, लाटा, प्रतिबिंब सारे भरून देते. तरीही हाताने एकदा करून पाहावे. त्यामुळे नजर तयार होते आणि दुसऱ्याने केलेली करामत ओळखायलाही आपण शिकतो.

खऱ्या पाण्याची लक्षणे

पहिल्या प्रयत्नात केलेले पाणी बहुधा खोटे दिसते. पत्र्याच्या छपरावर चित्र ओतल्यासारखे. कारण खटका दाबला, की प्रोग्रॅम सगळीकडे सारखीच लाट उठवतो. खरे पाणी तसे वागत नाही.

पहिले लक्षण अंतराचे. आपल्या पायाशी असलेली लाट मोठी दिसते, लांबची बारीक, आणि काठाजवळच्या लाटा तर एकमेकींत मिसळून रेघेसारख्या दिसतात. म्हणून उलट्या प्रतिबिंबाचे तीन आडवे पट्टे करा. काठाजवळच्या पट्ट्याला अगदी लहान लाट, मधल्याला मध्यम, खालच्याला मोठी. पट्ट्यांच्या कडा थोड्या एकमेकांवर ठेवून मऊ पुसल्या, की सांधे दिसत नाहीत.

दुसरे लक्षण उजेडाचे. विहिरीवर ओणवे होऊन सरळ खाली पाहिले, तर पाणी फक्त सुमारे दोन टक्के उजेड परत पाठवते. म्हणूनच तळ दिसतो. त्याच पाण्याकडे लांबून, तिरप्या नजरेने पाहिले, तर ते आरशासारखे होते. फोटोचा खालचा भाग म्हणजे आपल्या जवळचे पाणी. तिथे प्रतिबिंब फिके हवे आणि पाण्याचा स्वतःचा रंग गडद हवा. काठाकडे जाताना प्रतिबिंब ठळक होत जावे. यासाठी खालून वर विरळ होत जाणारी हिरवट-काळी छटा पसरा. गावातल्या तलावाचे पाणी निळे कमी आणि हिरवट जास्त असते. फोटोत निळेशार पाणी आले, की तिथेच सोंग उघडे पडते.

तिसरे लक्षण प्रतिबिंबाच्या आकाराचे. लाट म्हणजे इवलासा कललेला आरसा. आरसा थोडा कलला, की त्यातून परतणारा किरण त्याच्या दुप्पट कोनातून वळतो. लहानशी लाटसुद्धा चित्र इतके विस्कटते ते यामुळे. असे हजारो आरसे वरखाली हलत असल्याने प्रतिबिंब उभे ताणले जाते. मावळत्या सूर्याचा पाण्यात लांबच लांब पट्टा दिसतो तो याच कारणाने. म्हणून लाटा उठवल्यावर प्रतिबिंब उभ्या दिशेने किंचित पुसट करा.

चौथे लक्षण सर्वांत अवघड. प्रतिबिंब म्हणजे नुसता उलटा फोटो नव्हे. पाण्यात आपल्याला वस्तू खालून पाहिल्यासारखी दिसते. सज्जाची खालची बाजू, छपराचा पोटाकडचा भाग, हे पाण्यात दिसते आणि वरच्या फोटोत नसते. लांबच्या मंदिराला हे खपून जाते. पण काठापासून चार हात मागे उभी असलेली आजी उलटी करून पाण्यात ठेवली, तर चूक लगेच डोळ्यांत भरते. प्रत्येक वस्तू तिच्या स्वतःच्या पायाशी उलटते आणि काठामागे उभ्या असलेल्या माणसाचा खालचा भाग काठ झाकून टाकतो. माणसे असलेल्या फोटोवर हा प्रयोग सहसा जमत नाही तो म्हणूनच.

दुसऱ्याने पाठवलेला फोटो पाहतानाही हीच चार लक्षणे कामाला येतात. गावात पूर आल्याचा किंवा धरण भरल्याचा फोटो मोबाइलवर आला, की पुढे पाठवण्याआधी अर्धा मिनिट थांबा. लाट सगळीकडे सारखी आहे का? प्रतिबिंब आणि वस्तू यांचा सांधा नीट जुळतो का? जवळचे आणि लांबचे पाणी एकाच रंगाचे आहे का? यंत्राने स्वतः रचलेली चित्रे आता या परीक्षेत पुष्कळदा पास होतात, हेही लक्षात ठेवा. तरी हौशी माणसाची करामत बहुतेक वेळा इथेच पकडली जाते.

तरंगांखाली काय बुडते?

आता तिसरी गोष्ट. वरच्या कृतीतली एक पायरी आपण सहज ओलांडून आलो. मंदिरासमोर पाणी आणण्यासाठी आधी फोटोचा खालचा भाग कापला. त्या भागात काय होते? बाग होती. बागेत घसरगुंडीवरून येणारे एखादे पोर असेल, बाकावर टेकलेले आजोबा असतील. पानिपतमधल्या त्या जागेचे आजचे जगणे तेच आहे. आटलेल्या तलावाची उकिरड्याची जागा होऊ न देता तिथे मुलांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी सोय केली, ही गावाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. आपल्या दहा मिनिटांच्या करामतीत ती माणसे पाण्याखाली गेली.

शिवाय पाणी आले ते जुने पाणीही नव्हे. १७६० साली तो तलाव केवढा होता, त्याला पायऱ्या होत्या का, पावसाळ्यानंतर पाणी कुठवर चढे, यातले काहीच प्रोग्रॅमला ठाऊक नसते. तो आजच्या भिंती, आजचा रंग, आजच्या विजेच्या तारा उलट्या करून दाखवतो. म्हणजे तयार झालेला फोटो १७६०चा नसतो आणि आजचाही नसतो.

पानिपतच्या बाबतीत हे जास्तच जपायला हवे, कारण तिथला इतिहास पाण्यानेच वळवला आहे. १७६०च्या पावसाळ्यात दुथडी भरलेल्या यमुनेने दोन्ही सैन्यांना अलीकडे-पलीकडे अडवून धरले होते. ऑक्टोबरमध्ये मराठ्यांनी उत्तरेला जाऊन कुंजपुरा घेतला. तोवर त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तोडला. पुढचे अडीच महिने पानिपतच्या तळावर उपासमारीत गेले आणि संक्रांतीच्या सुमारास ती लढाई झाली. नदीला पाणी किती होते, उतार कुठे होता, यावर तिथे हजारोंचे जीव टांगलेले होते. अशा गावाच्या फोटोत शोभेसाठी पाणी ओतायला हरकत नाही, पण ते शोभेचे आहे हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

‘घरच्या अल्बमातला फोटो, त्याला कोण इतिहास म्हणणार?’ असे कुणी विचारील. पण घरातली मुले म्हणतील ना! आज अल्बम पाहणारा सहा वर्षांचा नातू वीस वर्षांनी सांगेल, ‘‘आजोबा पानिपतला गेले होते तेव्हा मंदिराला तलाव होता. आमच्याकडे फोटो आहे.’’ तो खोटे बोलणार नाही. आपणच त्याच्या हाती चुकीचा पुरावा दिलेला असेल. आणि तोपर्यंत खरे सांगायला आजोबा असतीलच असे नाही.

मोठ्यांच्या हातूनही हे घडते. फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या जगप्रसिद्ध मासिकाने इजिप्तचे पिरॅमिड मुखपृष्ठावर छापले. आडवा फोटो उभ्या पानात बसवण्यासाठी संगणकावर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. हेतू वाईट नव्हता, पान सजवायचे होते इतकेच. पण बोभाटा झाला आणि मासिकाला बोल लागला. कारण वाचकाने ते चित्र म्हणून घेतले नव्हते, साक्ष म्हणून घेतले होते.

पडद्यामागचे सांगणारे

मग करामत करूच नये का? तसे मुळीच नाही. आपल्याकडच्या जुन्या फोटो स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर तलाव, त्यात हंस, पलीकडे कमानी आणि चंद्र. त्यापुढे खुर्चीवर बसून नवपरिणीत जोडपी फोटो काढून घेत. तो तलाव खरा आहे असे कुणालाही वाटत नसे. पडद्याची घडी दिसे, खाली फरशी दिसे. हौस भागे आणि फसगत कुणाचीच होत नसे. संगणकाने तोच पडदा इतका बेमालूम केला, की आता घडी दिसत नाही. म्हणून पूर्वी जे पडदा स्वतःच सांगे, ते आता आपल्याला सांगावे लागते.

हे कसे सांगावे, याचा एक सुंदर नमुना आपल्या मराठी माणसानेच घालून दिला आहे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफी करत होते. १९१९ साली त्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला. यमुनेच्या डोहात उडी घेऊन कालियाशी झुंजणारा बाळकृष्ण साकारला त्यांच्या लहानग्या मुलीने, मंदाकिनीने. डोहातली ती झुंज म्हणजे कॅमेऱ्याच्या करामतीचा कळस. पण चित्रपटाच्या सुरुवातीलाच फाळक्यांनी प्रेक्षकांना आधी मंदाकिनीचा साधा चेहरा दाखवला, तिचे निरनिराळे हावभाव दाखवले आणि मग त्या चेहऱ्याचा कृष्ण होताना दाखवला. ही आमची मुलगी आणि आता हा कृष्ण, असे जणू सांगून टाकले. त्यामुळे गोडी कमी झाली नाही. लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला.

घरच्या अल्बमसाठी

आपल्यालाही एवढेच करायचे आहे. मूळ फोटो आणि केलेला फोटो दोन्ही ठेवा, आणि अल्बमात शेजारी-शेजारी लावा. मुलांना ही जोडी पाहायला फार आवडते. केलेल्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा: ‘देवी मंदिर, पानिपत. पाणी संगणकावर घातलेले.’ खाली तारीख आणि करणाऱ्याचे नाव. फोटो संगणकातच राहणार असेल, तर फाइलच्या नावात ‘पाणी घातलेला’ हे शब्द येऊ द्या. फोटो दुसऱ्याला पाठवताना कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसे लिहिले तर उत्तमच, कारण फाइलचे नाव वाटेत बदलते, फोटोवरचे अक्षर टिकते.

पानिपतला जाणारच असाल, तर आणखी एक करता येईल. बागेचा फोटो मुद्दाम, पूर्ण घ्या. मुलांसह, बाकांसह, जसा आहे तसा. तिथल्या बाकांवर बसणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थांना नमस्कार करून विचारा, ‘‘बाबूजी, आपने यहाँ पानी देखा है?’’ त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी पाहिले असेल, तर ते जे सांगतील ते तिथेच वहीत उतरवून घ्या. काठ कुठवर होता, मुले पोहत होती का, कोणत्या साली आटला, हे कुठल्याही फिल्टरमधून निघणार नाही.

आणि पानिपत लांब पडत असेल, तर आपल्याच गावचा बुजवलेला आड, गाळाने भरलेले तळे किंवा धरणात गेलेला घाट आठवा. त्याचा जुना काळा-पांढरा फोटो एखाद्या आत्याच्या किंवा मावशीच्या पत्र्याच्या पेटीत असू शकतो. त्यात खरे पाणी आहे, खऱ्या लाटा आहेत, कदाचित काठावर धुणे धुणारी आपली पणजीही आहे. येत्या सुट्टीत संगणक उघडण्यापूर्वी ती पेटी उघडायला सांगा, आणि फोटोतल्या माणसांची नावे आत्या-मावशीकडून विचारून मागे लिहून घ्या.